रहमतची रिले

"चौकशीचे साहेब यायच्या आत ती काडी काढून टाका, रहमतभाई. अन् तो खटका जसा होता तसा करून ठेवा. तुमच्यासाठी काय, डाव्या हातचा खेळ हाय," डहाके मॅनेजर म्हणाले आणि पानाची पिंक टाकायला दाराबाहेर गेले.

स्टार्टरचं झाकण रहमतच्या हातात होतं. आत काय दिसेल याचा अंदाज त्याला घरूनच आला होता. हिरव्या बटनाच्या फटीत आगपेटीची काडी ठोकून बसवलेली, म्हणजे बटन कायमचं दाबलेलं. खाली रिलेचा बारीक खटका 'हात'वरून 'ऑटो'वर सरकवलेला. बाजूच्या रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या मशीनवर, कोणीतरी ताडपत्री टाकली होती. तिच्या खालून ओला कापूस डोकावत होता. तो पांढरा नव्हता.

मागे जावई उभा होता. नौशाद याच जिनिंगचा वायरमन. रहमतनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं.

"तू केलं?" रहमतने मागे न पाहता विचारलं.

"मॅनेजरनं सांगितलं, अब्बा. ओला माल येऊन राह्यला, घडीघडी रिले पडते, घडीघडी कोण पयत जाऊन उठवंल म्हणे. गाडीवाले बाहेर शिव्या देऊन राह्यले. म्हणे, आपोआप उठंल असं कर, नाई तर उद्यापासून येऊ नको."

"अन् तू केलं."

नौशादने दाराबाहेर डहाकेंकडे पाहिलं.

बाभुळगावच्या आसपास तीन फेजची मोटार म्हटली की माणसं रहमतचं नाव घेत. जळलेली मोटार तो नवी तार भरून द्यायचाच, पण त्याचा खरा जीव रिलेत. रेच्यात कापूस अडकला, किंवा तीनपैकी एक फेज गेली, की मोटार जास्त करंट ओढते आणि बघता बघता जळून कोळसा होते. रिले तिला त्याआधीच बंद पाडते. रिलेवरचा करंटचा काटा फार खाली लावला तर मोटार उगाच थांबते, फार वर लावला तर रिले असून नसल्यासारखी. दर हंगामाला दिवाळीआधी रहमत या जिनिंगमध्ये यायचा आणि एकेका रेच्याजवळ उकिडवा बसून काटे लावायचा. बायका हसायच्या, चाचा मशीनची नाडी पाहून राह्यले म्हणायच्या. त्यालाही ते आवडायचं. स्तुती कोणाला नकोशी होते?

रेच्यावर कापूस घालायला तांड्यावरच्या बायका असत. पूर्वी यांतल्या कितीतरी घरचा कापूस बैलगाडीतून इथे यायचा. मधल्या वर्षांत भाव पडले, बोंडअळीने रान खाल्लं, आणि त्याच बायका दुसऱ्याचा कापूस मशीनला भरवायला येऊ लागल्या. त्यांना रहमतने पहिल्याच हंगामात एक गोष्ट सांगून ठेवली होती. "रिले पडली म्हंजे मशीन मेली. कोणी उठवल्याबिगर उठत नाई. बिनघोर हात घाला अन् बोळा काढा."

मेन स्विच पार त्या टोकाच्या भिंतीवर होता. तो पाडायला जावं तर मुकादम खेकसायचा. म्हणून कोणी जात नसे. आणि रहमतनेही कधी जा म्हटलं नाही. रिले असताना मेन कशाला, अशी त्याची घमेंड होती.

परवा दुपारी तांड्यावरच्या जमनीच्या रेच्यात ओला बोळा अडकला. रिले पडली, रूळ थांबले. जमनीने ते पुरते थांबेपर्यंत वाट पाहिली आणि चाचांच्या शब्दावर उजवा हात आत घातला. खटका 'ऑटो'वर होता, म्हणून रिले थंड होताच स्वतःच उठली. बटन दाबलेलंच होतं. मशीन आपोआप उठली.

जमनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होती. अंगठा तेवढा राहिला होता. इकडे डहाकेंनी गावभर करून टाकलं, की बाईने चालत्या मशीनमध्ये हात घातला, कोणाशी तरी बोलण्याच्या नादात होती. बंद पडलेली मशीन कधी आपोआप चालू होते का, म्हणे. तांड्यावरसुद्धा माणसं म्हणू लागली, पोरगी पहिल्यापासून धांदरटच. दवाखान्यात तिची आई बिजलीबाई भेटली तेव्हा रहमतला तिने एवढंच सांगितलं, "हात गेला त्याचं रडत नाई ते. मले खोटी काहून पाडता म्हणते."

आता काडी काढली की जमनी खोटी. काडी राहू दिली की नौशाद तुरुंगात. घरी त्याच्या पोरीला, अतियाला, सातवा महिना लागला होता. रोज सकाळी ती नवऱ्याचा डबा भरायची आणि दारात उभी राहून तो नजरेआड होईपर्यंत पाहायची.

"अब्बा," नौशाद हळू आवाजात म्हणाला, "काढा नं ती. मी पाया पडतो."

रहमतने स्क्रू ड्रायव्हर काडीला लावला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो खिशात घातला आणि झाकण न लावताच बाजूच्या पोत्यावर जाऊन बसला.

"तू बाहेर जाय," तो म्हणाला. "अन् कोणी काई विचारलं त तोंड उघडू नको. माहीत नाई म्हण. अतियाची शपथ हाय तुले."

साहेब दुपारी आले. तरुण होते, शर्टाची बाही वर सारून त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. डहाके उघड्या डब्याकडे आणि रहमतकडे आळीपाळीने पाहत राहिले. त्यांचं पान तोंडातच राहिलं.

"ही रिले कोण सेट करतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," रहमत म्हणाला.

"आणि ही काडी? हे ऑटो कोणी केलं?"

डहाकेंचं नाव सांगावं असं रहमतच्या ओठांवर आलं होतं. पण डहाकेंनी काही स्वतः हात लावला नव्हता. त्यांचं नाव घेतलं की हात कोणाचा होता हेही ते सांगणार, आणि पहिला बळी नौशादचा जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"म्याच केलं, साहेब. माल ओला होता. मशीन थांबून थांबून चालत होती. म्हटलं चालू राहो."

"म्हणजे बंद पडलेली मशीन आपोआप चालू झाली."

"हो साहेब. बाईनं मशीन थांबल्यावरच हात घातला. तिची काई चूक नाई. हे लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. डहाकेंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग हळूहळू सुटका. बाहेरचा मिस्त्री, आम्हाला काय ठाऊक, असं ते सांगू लागले तेव्हा रेच्यावरच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. मशीनची नाडी पाहणाऱ्या चाचाची कबुली त्यांनी आपल्या कानांनी ऐकली होती. कोणी शिवी दिली नाही. त्यांनी नुसते पदर सावरले आणि एकेक करून मागे फिरल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं रहमतला वाटलं.

जमनीच्या बाजूने निकाल लागला, जिनिंगच्या शेठला तिच्या दवाखान्याचं आणि भरपाईचं पाहावं लागलं. रहमतला चौकशीला यवतमाळच्या चकरा सुरू झाल्या, आणि एकाही जिनिंगने त्याला पुन्हा आत घेतलं नाही. नौशादने काम सोडलं आणि सासऱ्याच्या मोटारी भरायच्या दुकानात येऊन बसला. त्याच्या हाताला गुण होता. मोटारी अजून यायच्या, पण माणसं दारातून विचारायची, "नौशाद हाय का?" रहमत बसायच्या मोढ्यावरून उठून आत जायचा. त्याच्या बायकोने, हजराबीने, एका रात्री त्याला विचारलं, "खरं काय ते मले त सांगा." तो म्हणाला, "सांगितलं नं साहेबाले." तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून जावयाच्या ताटात ती भाकरी टाकायची ती त्याच्याकडे न पाहता.

उन्हाळा तापला तेव्हा एका दुपारी जमनी दुकानासमोर येऊन उभी राहिली. सोबत बिजलीबाई होती. दोघी यवतमाळहून पट्टी करून आल्या होत्या, आणि तांड्याकडची एसटी समोरच लागलेली होती. जमनीने उजवा हात पदराखाली धरला होता.

नौशाद आत मोटारीत तार भरत बसला होता. त्याने मान खाली घातली.

"चाचा, एकच पुसाचं होतं," जमनी म्हणाली. "मशीन थांबली होती नं?"

"थांबली होती, बाई. पुरी थांबली होती."

"ऐकलं याडी?" ती आईकडे वळली. बिजलीबाईने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. जमनी पुन्हा रहमतकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रहमतला खाली पाहता आलं असतं.

"मंग तुमी काहून केलं तसं? तुमीच सांगितलं होतं, मेली म्हंजे मेली. तुमच्याच भरवशावर म्या हात घातला."

आत तार भरायचा आवाज थांबला.

"चुकलं, बाई," रहमत म्हणाला. "मेन पाडाले सांगाले पाह्यजे होतं. ते म्या कधी सांगितलंच नाई."

हे उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं. समोर कंडक्टरने घंटी मारली. बिजलीबाईने तिला दंडाला धरून रस्ता ओलांडवला आणि गाडीत चढवलं.

नौशाद उठून दारात आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"अब्बा, मी सांगून येतो तिले. मले नाई सहन होत."

रहमतने त्याचं मनगट धरलं, आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही.