बिनबाणाचा संगणक

पडद्यावर लाल अक्षरांत ‘चूक’ असं आलं. गुणवंतीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. चूक तिथेच होती.

"फाइल सेव्ह करा, असंच विचारलंय ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"हो," मागे उभ्या असलेल्या दर्शना मॅडम म्हणाल्या. त्या परीक्षा केंद्राच्या पर्यवेक्षक.

"मग केली की. कंट्रोल एस."

"केलीत, पण माउसने नाही केलीत."

"माउसने केली तर काय जास्त सेव्ह होते?"

अशा प्रश्नाचं उत्तर दर्शना मॅडमच्या माहितीपत्रकात नव्हतं. "सॉफ्टवेअरच तसं आहे, मावशी. माउस धरायचा, बाण वरच्या कोपऱ्यात न्यायचा, क्लिक करायचं, यादी उघडते, यादीत सेव्ह शोधायचं, परत क्लिक. मग हिरवं येतं."

गुणवंती डोर्लेकरांना त्या दिवशी पन्नासपैकी अकरा गुण मिळाले. तेही नुसत्या माहितीच्या प्रश्नांचे, जिथे काही करून दाखवायचं नव्हतं. उत्तीर्ण व्हायला पंचवीस लागत. मागच्या खेपेला नऊ होते, तेव्हा प्रगती झाली असं म्हणायला हरकत नव्हती. आता एकच खेप उरली होती.

मिरकरवाड्याच्या बंदरावर, जिना चढून वर गेलं की उजव्या हाताला जे कार्यालय लागतं, तिथे गुणवंतीबाई एकोणीस वर्षं कंत्राटावर होत्या. दर अकरा महिन्यांनी एक दिवस त्यांची नोकरी जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. त्या एका दिवसात त्या पापड करून घेत. यंदा मात्र वरून आदेश आला, जुन्या कंत्राटी माणसांना कायम करायचं. अट एवढीच, की महिनाअखेरपर्यंत तीन खेपांत संगणकाचं प्रमाणपत्र मिळवायचं. नाहीतर त्या खुर्चीवर बाहेरून माणूस येणार होता.

मुख्य लिपिक गंगाराम मयेकरांकडे ते प्रमाणपत्र होतं. ब्याण्णव टक्के. त्यांनी ते काचेच्या चौकटीत बसवून स्वतःच्या डोक्यावर भिंतीला लावलं होतं आणि त्याच्याखाली बसून ते रोज सकाळी हाक मारत, "डोर्लेकरबाई, माझं कालचं पत्र कुठं गेलं हो?"

गुणवंतीबाई उठून जात, उभ्या उभ्या तीन-चार कळा दाबत. पत्र येई.

"कुठं होतं?"

"तुम्ही ठेवलंत तिथेच, साहेब."

अकरा गुण ऐकून मयेकर मनापासून हळहळले. माणूस वाईट नव्हता. "अहो, अगदी सोपी परीक्षा. मी पास झालो म्हणजे बघा," ते म्हणाले.

कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यासोबत माउस आलाच नव्हता असं नाही. पण रजिस्टरला संगणकाची नोंद वेगळी आणि माउसची वेगळी झाली, आणि सुटी वस्तू हरवते असा तेव्हाच्या साहेबांचा अनुभव होता. त्यांनी माउस कपाटात ठेवून कुलूप घातलं. पुढे त्यांची बदली झाली. किल्लीचीही झाली असावी. कपाट फोडायला मंजुरी लागत होती. ती तीन वर्षांनी आली, तोवर गुणवंतीबाईंना माउसची गरज उरली नव्हती.

शिकवायला कोणी नव्हतं. खोक्यात एक पातळ पुस्तिका होती आणि तिच्या शेवटच्या दोन पानांवर कळांच्या जोड्या छापलेल्या होत्या. लहानपणी पूर्णगडला त्या जाळं विणायला शिकल्या होत्या, तशाच त्या जोड्या शिकल्या. जाळं विणणारा हाताकडे बघत नाही. गाठ बोटांना कळते, माप बोटांना कळतं, आणि डोळे खाडीत कोणाची होडी शिरली ते बघायला मोकळे राहतात.

खरी गंमत तिथेच होती आणि ती कुठल्याच परीक्षेत कोणी विचारत नव्हतं. गुणवंतीबाईंचं टेबल खिडकीशी होतं. कुठली बोट बाहेर गेली, कुठली आत आली, तिच्यावर म्होरक्या तांडेल कोण, खलाशी किती, ही नोंद ठेवायचं त्यांचं काम. बंधाऱ्याच्या वळणावर बोटीचं नाक दिसलं की रंगावरून, डोलण्यावरून, कधी नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून त्या ओळखत. खाली बोटं आपापली चालत. ऑल्ट टॅब, एक कागद सरून दुसरा पुढे. कंट्रोल एंड, हजार ओळींच्या तळाशी. त्यांना तिकडे बघावं लागत नसे. दुपारी वारा पडला की पाणी कढईतल्या तेलासारखं शांत व्हायचं, बर्फाच्या कारखान्याची घरघर ऐकता ऐकता खिडकीच्या गजांतून समुद्र आत येऊन टेबलापाशी थांबल्यासारखा वाटायचा. अशा वेळी गुणवंतीबाईंना कधीकधी वाटे, बोटी येतात म्हणून आपण कळा दाबत नाही. आपण कळा दाबतो म्हणून बोटी येतात. त्यांनी एंटर दाबलं आणि वळणावर हिरवी बोट उगवली, असं बरेचदा झालंही होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कंत्राटी माणसाने असलं काही बोलू नये.

तांडेल जमाल होडेकर जिना चढून येईस्तोवर त्याची नोंद झालेली असायची.

"काय गो बाय, मी अजून दोर बांधला नाय, नि तुझ्या मशिनीत मी पोचलो पन?"

"सात खलाशी नेलंस. सहाच दिसतात."

"एक निजलाय खाली."

"मशिनीत उभा हाय तो. उठव त्याला."

नापास झाल्याची बातमी जमालपर्यंत पोचली तेव्हा तो बाकावर टेकला. "तू नापास? मग पास कोन झाला?"

गुणवंतीबाईंनी डोळ्यांनीच भिंतीवरची चौकट दाखवली. जमालने चौकट वाचली आणि चौकटीखाली बसलेल्या मयेकरांना सलाम केला.

लेकीने, ईशाने, दुकानातून माउस आणला. रात्रीची भांडी झाली की मायलेकी बसत.

"आई, दाबून धरू नको. खेकडा नाय तो."

"सुटतो गो हातातून."

"सुटू दे. तू फक्त बाणावर लक्ष ठेव."

तीच तर अडचण होती. बाणावर लक्ष ठेवायचं म्हणजे दुसरीकडे कुठे बघायचं नाही. बाण असा बारीक, की क्षणभर नजर काढली तर पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसेल सांगता येत नाही. गाईमागे फिरणाऱ्या पोरासारखं त्याच्यामागे फिरायचं. आठ दिवसांत गुणवंतीबाईंचे डोळे चुरचुरायला लागले. जेवताना भातावर बाण दिसायला लागला.

नवव्या दिवशी त्या माउस घेऊन कार्यालयात आल्या आणि त्यांनी दुपारचं काम त्याच्यावर करून पाहिलं. सेव्ह शोधत, यादी उघडत, यादी मिटत.

"बाय, मी आलो," कोणीतरी म्हणालं.

"कधी?"

"अर्धा तास झाला. मघापास्नं हितं उभा हाय."

जमाल होता. गुणवंतीबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, बाण निसटला असता. पाहिलं ते नंतर, खिडकीबाहेर. चार बोटी जेट्टीला लागल्या होत्या, मासळी उतरत होती, लिलावाचा ओरडा चालला होता. हे सगळं त्यांच्या खिडकीसमोरून गेलं होतं आणि त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"आजारी हायस काय?" जमालने हळूच विचारलं.

"नाय रे. अभ्यास करत्ये."

त्या रात्री त्या ईशाला म्हणाल्या, "कायम झाल्यावर असंच काम करायला सांगतलानी तर?"

"कोण सांगतंय? प्रमाणपत्र घे आणि बस पहिल्यासारखी."

"अन् हाताला हीच सवय लागली तर?"

ईशाने गुपचूप माउसची वायर गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या खेपेला गुणवंतीबाई वेळेआधी जाऊन बसल्या. डावा हात त्यांनी मांडीखाली घातला, उगीच कळांकडे जायला नको म्हणून. मग दीड तास त्या बाणामागे चालत राहिल्या. वरचा कोपरा, यादी, क्लिक, हिरवं. यादी, चुकीची यादी, परत, क्लिक, हिरवं. शेजारच्या रांगेतली पोरं एकेक करून उठून गेली, पंखा एकदा बंद पडला आणि सुरू झाला. त्यातलं त्यांना काहीच कळलं नाही.

पडद्यावर आलं, ‘उत्तीर्ण. गुण अडतीस.’

"झालात की हो, मावशी," दर्शना मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही बरं वाटलं असावं. "घामेघूम झालात. पाणी देऊ?"

"देव भलं करो. पाणी नको. वेळ उरलाय काय?"

"वीस मिनिटं. पुढची तुकडी दोनला. का?"

"तो सरावाचा पेपर असतो ना, नुसता करून दाखवायचा. चाळीस प्रश्नांचा. तो उघडा."

"आता कशाला? पास झालात."

"उघडा तर."

दर्शना मॅडमनी पेपर उघडून दिला. गुणवंतीबाईंनी माउस उचलला आणि पडद्यामागे ठेवून दिला. डावा हात मांडीखालून काढला, दोनदा मूठ उघडली, मिटली. मग दोन्ही हात कळांवर ठेवले.

केंद्राच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. चिऱ्याचं कुंपण होतं, त्यावर वाळत घातलेली एक चादर होती, आणि कुंपणापलीकडे कोणीतरी नारळ सोलत होतं. गुणवंतीबाई प्रश्न वाचायला तेवढ्या पडद्याकडे येत आणि परत बाहेर जात. बोटं चालू लागली. सेव्ह करा. ठळक करा. शेवटच्या ओळीवर जा. खिडकी मिटा. प्रत्येक प्रश्नाला पडदा लाल होत होता आणि त्या त्याकडे बघत नव्हत्या. चादर फुगली, बसली. नारळ फुटल्याचा आवाज आला. कळांचा आवाज एकसारखा पडत होता, पाटावर कोणी धुणं आपटावं तसा नव्हे, होडीच्या तळाला खाडीचं पाणी लागत राहावं तसा. दर्शना मॅडम हातातली हजेरी विसरून उभ्या राहिल्या. चाळीस कामं झाली, चाळीसही बरोबर झाली, हे त्यांना दिसत होतं.

पडद्यावर आलं, ‘अनुत्तीर्ण. गुण शून्य.’ खाली बारीक अक्षरांत होतं, लागलेला वेळ सहा मिनिटं.

"दोन्ही काढून द्या कागदावर," गुणवंतीबाई म्हणाल्या.

"मावशी, हे शून्य आहे."

"होय. अडतीसचं ऑफिसात जाईल. ह्ये माझं."

प्रिंटरमधून कुरकुरत दोन कागद बाहेर आले. दर्शना मॅडमनी अडतीसच्या कागदावर सही केली, शिक्का मारला. दुसरा नुसताच पुढे केला.

गुणवंतीबाईंनी घेतला नाही. "ह्याच्यावरपण मारा."

"सरावाला शिक्का नसतो."

गुणवंतीबाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवून, कुठलीही घाई नसल्यासारख्या, उभ्या राहिल्या. बाहेर दोनच्या तुकडीची पोरं चपला काढत होती.

दर्शना मॅडमनी दाराकडे एकदा पाहिलं. मग शिक्का शाईवर चांगला दाबला, शून्याच्या बाजूला नीट जागा बघून उमटवला आणि कागद वाळेपर्यंत त्यावर हलकी फुंकर घालत राहिल्या.