फरक शून्य

मी टोपीवाला बोलतोय. लोकांना टोपी घालणारा नव्हे; ज्याच्या डोक्यावर जन्मभर ओली टोपी बसवून ठेवली, तो. तसा मी साधा थर्मामीटर. एका फळीवर आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी टांगलेले. आमच्यात डोकं खाली आणि पाय वर असतात, त्यामुळे जग आम्हाला उलटं दिसतं. पण माणसांचं वागणं तसं बघितलं तरच नीट कळतं. भावाचं डोकं उघडं, कोरडं. माझ्या डोक्यावर मलमलीची टोपी, टोपीला शेपूट आणि ते शेपूट खालच्या पाण्याच्या वाटीत बुडालेलं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर आई ओली पट्टी ठेवते ना, तशी. फक्त मला ताप नव्हता आणि आईही नव्हती.

आम्हा दोघांना एकाच कारागिरानं तोंडानं फुंकून घडवलं. भाऊ सांगतो, त्याच्या वेळी कारागीर मजेत शीळ घालत होता आणि माझ्या वेळी त्याला उचकी लागली होती. थाप असेल. शीळ घालता घालता काच कशी फुंकणार? पण सरळ असं माझ्या आयुष्यात पुढे काही झालं नाही, हे मात्र खरं.

आम्हाला सूतगिरणीच्या कातण खात्यात, भिंतीवर टांगलं. आमचं काम जरा समजून घ्या. ते समजून न घेतल्यामुळे एक बाई जिवानिशी गेली.

हवेत पाणी असतं. दिसत नाही. किटलीतून पांढरं निघतं त्याला लोक वाफ म्हणतात. ते बारीक थेंब. खरी वाफ किटलीचं तोंड आणि तो पांढरा ढग यांच्या मधल्या, रिकाम्या दिसणाऱ्या बोटभर जागेत असते. विश्वास नसेल तर तिथं बोट घालून बघा, पुन्हा शंका म्हणून काढणार नाही.

माझ्या टोपीतलं पाणी असंच न दिसता हवेत जायचं. जाताना माझी ऊब घेऊन जायचं, म्हणून मी भावापेक्षा गार. हवा कोरडी असली की पाणी भराभर जायचं आणि आमच्यात सहा-सात अंशांचा फरक पडायचा. हवा ओली असली की गेलेल्यातलं बरंचसं पाणी पुन्हा टोपीवर येऊन बसायचं, फरक उरायचा एक-दोनाचा. आणि जितकं जातंय तितकंच परत येऊ लागलं, की समजायचं हवेचं पोट भरलं. मग माझी ऊब कोण नेणार? दोघा भावांचा आकडा एकच. फरक शून्य.

गिरणीचं सगळं गाडं या फरकावर चालायचं. कोरड्या हवेत धागा तुसडा होतो, कटाकट तुटतो. म्हणून छताखालच्या नळांच्या भोकांतून वाफ सोडायची. मुकादमाचा हुकूम होता, ‘फरक दोनाच्या वर जाता कामा नये.’ धाग्याची काळजी घ्यायला एक बॉयलर, दोन थर्मामीटर आणि एक अख्खा माणूस होता. माणसांची काळजी घ्यायला काचेच्या चौकटीत एक पाटी होती: ‘फरक शून्य झाल्यास वाफ बंद करून खिडक्या उघडाव्यात.’

तो अख्खा माणूस म्हणजे वाफवाला. दर तासाला यायचा, आमचे आकडे वहीत टिपायचा, नळाच्या चाव्या कमीजास्त करायचा. माणूस कामाचा, पण चष्म्यावर कायम वाफ, त्यामुळे अंदाजावर जगणारा. माझी वाटी पत्र्याच्या खोबणीत बसवलेली होती. तिला एक केसाएवढी चीर होती. पाणी झिरपून जायचं, टोपी सुकायची. टोपी सुकली की मी भावासारखाच साधा थर्मामीटर, आकडा भावाएवढाच. म्हणजे हवेचं पोट भरलेलं असो वा नसो, फरक शून्य! पहिल्या खेपेला वाफवाल्यानं घाबरून खरंच वाफ बंद केली, खिडक्या उघडल्या. धागे पटापट तुटले आणि मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला.

त्यानंतर त्याचं ठरून गेलं. फरक शून्य दिसला, की टोपी सुकली. लांब नळीची झारी घ्यायची, न वाकता खोबणीत पाणी ओतायचं, की पाच मिनिटांत फरक परत. नवी वाटी मागून मागून त्याची जीभ झिजली. मुकादम म्हणायचा, “वाटीनं काय सूत कातायचंय?”

त्याच खात्यात त्याची वहिनी कामाला होती. थोरल्या भावाची बायको. तुटलेला धागा चिमटीत धरून सांधायची, बारा वर्षं. तिची चिमूट दिसायची नाही, सांधलेला धागा तेवढा दिसायचा. दीर-वहिनीची तोंडं मात्र सूत कातणाऱ्या साच्यांपेक्षा जोरात चालायची.

“भावजी, तुमच्या टोपीवाल्याला विचारा, आज आम्ही भिजून मरायचं की शिजून?”

“वहिनी, तुम्ही घटकाभर तोंड मिटलंत तरी खात्यातली अर्धी वाफ कमी होईल.”

“मग तुमच्या भावानं बारा वर्षं काय केलं असतं? हवापालट म्हणून तर लग्न केलं माझ्याशी!”

एके दिवशी सकाळी वाफवाला यायच्या आधीच ती माझ्यापाशी आली. पदराआडून तिनं एक छोटी बाटली काढली, स्वच्छ धुतलेली. खोबणीतली चीर गेलेली वाटी उपसली, बाटली बसवली, पाणी भरलं, माझी शेपटी आत सोडली. पदराच्या टोकानं माझी काच पुसली. “झालं बाबा,” मला म्हणाली, “आता भावजींना बोलणी बसायची नाहीत. जेवायच्या सुट्टीत दाखवते. बघू कसं तोंड करतात ते.”

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला बाबा म्हणालं.

त्या दिवशी मोठी मागणी होती. मुकादमानं तिन्ही नळ पूर्ण सोडायला लावले, वाऱ्यानं धागा हलतो म्हणून खिडक्या ठोकून बंद केल्या आणि जेवायची सुट्टीही लांबवली. बाहेर ढगाळ, वारा पडलेला. एरवी तेहतिसाच्या पुढे न जाणारा माझा भाऊ चढत चढत अडतिसावर गेला. मी त्याच्या मागे निघालो. छत्तीस. सदतीस. अडतीस. आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे. पाटीच्या काचेवर इतकं दव धरलं, की तिच्यावरचं अक्षर दिसेना.

“भावजी, आज घाम सुकतच नाही हो,” वहिनी म्हणाली.

“इथं कधी सुकला होता?”

“तसं नाही. पुसला की क्षणभर तरी बरं वाटायचं. आज पुसते तिथंच परत.”

तिला कळलं होतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. तो घाम एकटा घाम नव्हता. हवेला पाणी जड झालं होतं आणि ती ते मिळेल त्या गार वस्तूवर टाकत होती. खात्यात यंत्रं तापलेली, पण काचा आणि भिंती जरा गार, म्हणून त्या ओघळत होत्या. माणसांची अंगंही तशीच गार होती. पाणी तिच्या अंगावर येऊन बसत होतं आणि माझ्या टोपीतून जाताना जी ऊब न्यायचं, तीच येताना तिच्या अंगात ओतत होतं.

“थांबा, बघतो,” म्हणत वाफवाला माझ्यापाशी आला. चष्मा पुसला. अडतीस, अडतीस.

“झालं! सुकली खोटारड्याची टोपी,” तो म्हणाला आणि न वाकता झारीतलं पाणी ओतलं. बाटली काठोकाठ होती. पाणी वरून सांडलं, भिंतीवरून ओघळलं. पण त्या दिवशी सगळ्याच भिंती ओघळत होत्या.

मी ओरडलो असतो. आमच्याकडे ओरडायला आकडाच असतो आणि तो मी दाखवतच होतो.

तासाभरानं तो पुन्हा आला. पुन्हा अडतीस, अडतीस. पुन्हा पाणी. वहीत त्यानं अंदाजानं ‘फरक दोन’ लिहून टाकलं. तोवर वहिनीचं तोंड बंद झालं होतं. मग तिनं सूत गुंडाळणाऱ्या एका चातीचा धागा शेजारच्या चातीला सांधला. बारा वर्षांत न केलेली चूक. मुकादम ओरडला, “डोळे फुटले का?” तिनं त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि साच्याला टेकून हळूच खाली बसली. ती उठली नाही.

वाफवाला धावला. झारीतलं उरलेलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. पाण्याला पाणी लागलं, इतकंच.

डॉक्टरीणबाई आल्या तोवर उशीर झाला होता. त्या उठून सरळ माझ्यापाशी आल्या.

“हे आकडे कोण वाचतं?”

“मी, बाई,” वाफवाला म्हणाला. “पण ते खरे नाहीत. ह्याची टोपी सुकते. वाटीला चीर आहे.”

बाईंनी दोन बोटांनी माझी टोपी दाबली. पाणी निथळून त्यांच्या कोपरापर्यंत आलं. मग खोबणीत हात घालून त्यांनी बाटली बाहेर काढली.

“कुठाय चीर?”

खोकल्याच्या औषधाची बाटली. कागद अर्धा सोललेला. गेल्याच महिन्यात वाफवाल्यानं स्वतः आणली होती, पुतणीसाठी. तो बाटलीकडे बघत राहिला. दाखवणारी तिकडे साच्यापाशी आडवी होती.

गिरणीनं भिंतीवर नवी जोडी लावली. आम्हाला भंगारात काढलं, तिथून वाफवाल्यानं घरी आणलं. नोकरी त्यानं सोडली. त्याचा थोरला भाऊ त्याच्याशी बोलत नाही. पुतणी बोलते, पण काका म्हणत नाही. बाटली माझ्या खालीच आहे, रिकामी. तो तिच्यात पाणी घालत नाही आणि कुणाला घालूही देत नाही. रोज एकदा येतो, दोन बोटांनी माझी टोपी दाबतो, थोडा वेळ दाबून धरतो आणि जातो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हाला खोटं ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा, पण आधी वाकून टोपीला हात लावून बघा.

आज आम्ही दोघे भाऊ एकच आकडा दाखवतो. फरक शून्य. या खेपेला टोपी खरोखरच सुकली आहे.