दोन टिचक्या

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळी दुनिया भोंगा म्हणायची. तो फोनवर बोलायला लागला की याला फोनची गरजच काय, असा प्रश्न पडायचा. बसस्थानकात वीस वर्षं तो गाड्यांच्या वेळा पुकारत होता. मग तिथे यंत्रातून कुठल्याशा बाईचा गोड आवाज यायला लागला आणि भोंगा घरी बसला.

बायकोने माझ्यामागे टुमणं लावलं. "दादाला घेऊन जा ना बरोबर. सामान तरी उचलेल."

मी आवाज गोळा करणारा माणूस. सिनेमावाल्यांना लागणारे उघड्यावरचे आवाज रेकॉर्ड करून विकतो. वारा, पाखरं, नदी, रिकामा रस्ता. या धंद्यात सगळ्यात नकोसा माणूस कोण, तर ज्याला गप्प बसवत नाही. तरी मी त्याला घेतलं. घरात शांतता राहावी म्हणून भोंगा गळ्यात बांधून घेणारा मी जगातला पहिलाच असेन.

पहिल्याच दिवशी त्याने इंगा दाखवला. पहाटेपासून दबा धरून बसलो होतो, पाखरं नुकती बोलायला लागली होती आणि मागून आवाज आला, "जावईबापू, थर्मासमध्ये चहा उरलाय का?" पाखरं उडाली. मी त्याला असं काही फैलावर घेतलं, की पन्नाशीचा तो धिप्पाड माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. तोंडावर मी त्याला दादाच म्हणायचो, पण त्या दिवशी दादा-बिदा काही ठेवलं नाही.

मग मी नियम घालून दिला. रेकॉर्डिंग चालू असताना तोंड उघडायचं नाही. जीव गेला तरी नाही, असंच म्हणालो होतो मी. अडचण आली तर माइकच्या दांडीवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या. टिचकी नंतर कापून टाकता येते, माणसाचा आवाज कापता येत नाही. आणि अगदीच बोलावं लागलं तर माइकला तोंड लावून हळू बोलायचं. माझ्या कानावर हेडफोन असतो, कुजबुजलात तरी मला ऐकू येतं.

भोंग्याने हे फार मनावर घेतलं. आम्ही सासूबाईंकडे जेवायला गेलो तरी मुक्याने जेवायचा आणि आमटी हवी असली की ताटाच्या कडेवर दोन टिचक्या मारायचा. सासूबाईंना वाटलं, याला ताप आलाय. "तुम्ही त्याला काय केलंत?" असं त्यांनी मला विचारलं. बायको हसून हसून बेजार झाली होती. त्या घरात मी तिला इतकं हसताना पाहिलं, ते तेव्हाच.

त्याच सुमाराला एका दिग्दर्शकाला धबधबा हवा होता. दाखवायला नको, नुसता ऐकवायला. "पोटात वाजला पाहिजे," एवढंच तो म्हणाला. लोकांना वाटतं धबधबा जितका उंच तितका आवाज मोठा. साफ चूक. उंचावरून पडणारं पाणी वाटेतच फुटतं आणि खाली येईपर्यंत त्याचा तव्यावर काहीतरी परतल्यासारखा चुरचुराट होतो. आवाज हवा तर धबधबा बुटका आणि लठ्ठ हवा, खाली खोल डोह हवा आणि तिन्ही बाजूंनी खडक हवा.

पहिला पाहिला तो उंच, देखणा, कठडा बांधलेला. तिथे पाण्यापेक्षा फोटो काढणाऱ्यांचाच गलबला जास्त. दुसऱ्याच्या शेजारी कसलंसं पंपघर होतं, त्याची घरघर जाता जाईना. तरी म्हटलं, घेऊन बघू. पाच मिनिटं झाली असतील नसतील, हेडफोनमध्ये दोन टिचक्या. मी सगळं थांबवून धापा टाकत वर गेलो. भोंगा पोटावर हात ठेवून उभा. "जेवणाची वेळ झाली नाही का?" मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरा धबधबा मात्र त्यानेच शोधला. रस्त्यात टायर बसलं म्हणून पंक्चरच्या दुकानात थांबलो, तर दुकानदार हातभर अंतरावरून आमच्याशी ओरडून बोलत होता. भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तोडीस तोड भेटला. भोंगाच म्हणाला, "जावईबापू, हा माणूस पाण्याशेजारी राहतो. बसस्थानकातले आमचे सगळे असेच बोलायचे, गाड्यांच्या आवाजामुळे." विचारलं तर खरंच. वरच्या वस्तीतल्या घराघरांत लोक असेच बोलत होते आणि वस्तीच्या मागे घळीत धबधबा होता. कुठल्या नकाशावर नाही, कठडा नाही, पाटी नाही. घळीच्या तोंडाशी उभं राहिलो तर छातीचा पिंजरा थरथरत होता. "हा माझा," भोंगा माझ्या कानात ओरडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला शाबासकी दिली ती तेवढी एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरलो. आभाळ मोकळं होतं. सामान सोडायला आणलेला दोर मी पुन्हा गुंडाळून बॅगेत टाकला. एक माइक माझ्याजवळ, दुसरा चाळीस मीटर केबलच्या टोकाला भोंग्याच्या हातात. तो डोहाला लागून असलेल्या सपाट खडकावर उभा राहणार आणि मी रेकॉर्डर घेऊन अलीकडच्या मोठ्या शिळेआड, ताडपत्रीखाली. यंत्रावर तुषार उडू नयेत म्हणून. तिथून तो मला दिसत नव्हता आणि मी त्याला दिसत नव्हतो. आमच्यामध्ये ती केबल होती, बस.

रेकॉर्डिंग सुरू झालं. आता कबूल करायची गोष्ट. हेडफोन माझ्या गळ्यात होता, कानावर नव्हता. इतक्या मोठ्या आवाजात हेडफोन लावला की कान बधिर होतात आणि ऐकून कळत तर काहीच नाही, नुसता एकसुरी गडगडाट. अशा वेळी आम्ही लोक रेकॉर्डरवरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे बघून काम करतो. पहिला काटा माझ्या माइकचा, दुसरा त्याच्या. तांबड्या पट्टीत जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम.

चौथ्या मिनिटापासून दोन्ही काटे चढायला लागले. आवाज भरत चालला होता. घळच्या घळ घुमत होती, बुडाखालचा दगड हलल्यासारखा वाटत होता. असा चढत जाणारा धबधबा मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. मी खूश होतो. लिहायला लाज वाटते, पण मी खूश होतो. वर कुठेतरी पाऊस कोसळलाय, पाणी वाढतंय म्हणून आवाज वाढतोय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला फक्त काटे दिसत होते.

सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी दुसरा काटा तांबड्या पट्टीत उडाला. दोनदा. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा.

मला कळलं. टिचक्याच होत्या त्या. मी मनात म्हटलं, लागली याला भूक. एवढा सोन्यासारखा आवाज मिळतोय आणि याचं आपलं पोट! मी दुसऱ्या चॅनलचं, म्हणजे त्याच्या माइकचं, बटण डावीकडे फिरवलं. काटा खाली आला आणि मग पुन्हा उडाला नाही.

अकरा मिनिटं झाली आणि तो काटा शून्यावर पडला. मला वाटलं, याने केबल उपटली. मी शिव्या देतच ताडपत्रीखालून बाहेर आलो आणि शिळेला वळसा घातला. पाणी मातकट झालं होतं. सपाट खडक कुठे दिसत नव्हता. मी केबल ओढली, ती सहज आली, टोकाला काही नव्हतं.

तो दोन दिवसांनी खूप खाली सापडला. पंचनाम्यात मी सांगितलं, पाय घसरला, क्षणात गेला. घरी तेच सांगितलं. यंत्र भिजलं, रेकॉर्डिंग गेलं, असंही सांगून टाकलं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "क्षणात गेला हो. त्याला कळलंसुद्धा नाही." माझ्याकडे बघून म्हणायच्या, "हे होते ना तिथे." आणि मी मान हलवायचो. त्या एका वाक्यावर ती बाई दोन घास खात होती.

रेकॉर्डिंगचं कार्ड माझ्याकडेच होतं. एकदा लावलं होतं, सहा मिनिटं चाळीसपर्यंत. त्यापुढे ऐकायची छाती झाली नाही. पुसून टाकायचीही झाली नाही. रेनकोटच्या आतल्या खिशात ते पडून होतं.

सात आठवड्यांनी बायकोने तो रेनकोट धुवायला काढला.

भर दुपारी ती माझ्या कामाच्या खोलीत आली. कार्ड तळहातावर होतं. "हे त्या दिवसाचं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर "हो" आलं.

"भिजलं म्हणाला होतास."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "दादाने हाक मारली का?"

"मी नाही ऐकली."

"मग मी ऐकते."

तिने खुर्ची ओढली आणि हेडफोन कानावर चढवला. मी कार्ड लावलं. समोर दोन माइकांची दोन बटणं होती. दुसरं दाबून टाकलं असतं तर तिला फक्त माझ्याजवळच्या माइकवरचा धबधबा ऐकू आला असता, अकरा मिनिटं नुसतं पाणी. मी बोट नेलंही होतं तिथवर. का नाही दाबलं, सांगता येत नाही. एकट्याने वाहून वाहून खांदे भरून आले होते, एवढंच.

मी समोरचे आकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला तिने डोळे मिटले. सहा चाळीसला उघडले. पुढे तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. तिचे ओठ हलायला लागले, जणू कुणाच्या मागून शब्द म्हणत होती. मग दुसरा काटा शून्यावर पडला आणि तिने हात खाली घेतले.

"त्या टिचक्या त्याच्या होत्या?"

"हो."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"त्यानंतर त्याच्याकडचा आवाज एकदम बारीक झाला. पाण्याने?"

"मी केला."

"का?"

"मला वाटलं, त्याला भूक लागली असेल."

ती ओरडली असती, हाताला लागेल ते फेकून मारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, तिने हेडफोन स्वतःच्या कानावरून काढला आणि माझ्या कानांवर घट्ट बसवला. सहा मिनिटं चाळीसवर आणून ठेवलं. बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलं.

"आता ऐक," ती म्हणाली.

दोन टिचक्या. पुन्हा दोन. मग माझं बटण फिरलं, तेही ऐकू आलं, सगळं लांब गेलं. त्या लांबच्या पाण्यात टिचक्या चालूच होत्या. दोन, दोन, दोन. नीट, अंतर सोडून, मी शिकवल्या होत्या तशा. आठव्या मिनिटाला माइकच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला. भोंग्याचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"जावईबापू, पाणी वाढलंय. मला अलीकडे येता येत नाहीये. बॅगेतला दोर टाका ना."

टिचक्या. पाणी. पुन्हा टिचक्या. दहाव्या मिनिटाला तो पुन्हा बोलला. दातावर दात आपटत होते, तरी आवाज तसाच हळू.

"जावईबापू, गुडघ्याच्या वर आलंय. रेकॉर्डिंग थांबलंय का? ओरडू का आता?"

तो वाट बघत होता. परवानगीची. ओरडला असता तरी त्या गडगडाटात मला ऐकू आलं नसतं, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. मी स्वतःला ते रोज सांगतो. त्याचा काही उपयोग होत नाही. दोर माझ्या पाठीला टेकलेल्या बॅगेत होता. चाळीस मीटर म्हणजे धावत किती लागतात, ते मी नंतर रस्त्यावर मोजून पाहिलंय.

शेवटी दोन टिचक्या आल्या. मग एकच. मग काही नाही.

मी हेडफोन काढला तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय ऐकताय गं दोघं?"

बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "काही नाही आई. नुसतं पाणी आहे."

"त्याचा आवाज नाही ना त्यात?"

"नाही. क्षणात गेला तो."

जाताना तिने कार्ड काढून मुठीत घेतलं, आईला बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. कार्डाचं काय केलं, मी विचारलं नाही. ती घर सोडून गेली नाही. भांडलीही नाही. सासूबाईंसमोर माझं ताट वाढते, पण त्या दिवसापासून तिने मला हाक मारलेली नाही.

जेवायची वेळ झाली की ती माझ्या खोलीच्या दाराशी येते आणि बोटाने दोन टिचक्या मारते. मी हातातलं काम टाकून ताबडतोब उठतो.