वस्तादांना न दिसलेला कलाजंग

मित्रांनो, कोल्हापूरच्या एका तालमीत गदेशेजारच्या फळीवर लाकडी पेटीतला जो टीव्ही दिसतो, तो मीच. माझ्यात आता चित्र येत नाही. पोरं माझ्यावर लंगोट वाळत घालतात. तक्रार नाही, मी जे पाहिलं, त्यापुढं लंगोट सुसह्य आहे.

ऐंशीनंतर गावात टीव्ही दिसू लागला, तेव्हा तालमीनं मला आणलं. शेजारचे रेडिओदुरुस्तीवाले फक्रुद्दीनभाई यांनी कौलांवर अँटेना बांधला. मला हार घातला, नारळ फोडला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे पुरा अर्धा तास, अशी तेव्हा माझी भाबडी समजूत होती.

वस्ताद हंबीरराव सत्तरीचे, गुडघे गेलेले. त्यांचा पठ्ठा आकाराम यानं दिल्लीत मोठी कुस्ती मारली, तीही वस्तादांनी शिकवलेल्या कलाजंगावर. म्हणजे गड्याला खांद्यावर आडवा उचलायचा आणि पाठीवर टाकायचा. वस्तादांना दिल्लीचा प्रवास झेपणारा नव्हता. ती कुस्ती रविवारी, बातम्यांआधीच्या अर्ध्या तासात दाखवणार होते.

"तेवढा डाव डोळ्यानं बघितला की सुटलो," वस्ताद म्हणाले.

रविवारी तालीम भरली. आधी साबण आला. मग दंतमंजन आलं. मग कुकरची शिट्टी झाली. मग कुस्ती लागली. दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले आणि केसांचं तेल आलं.

"फक्रुद्दीन, ते तेल काढ की."

"वस्ताद, ते दिल्लीतनं येतंय. माझ्या हातात काय न्हाय."

"तेलवाल्यानं दूध घातलं हुतं व्हय पोराला?"

तेल संपलं. आकाराम वाकला, त्यानं गड्याचा दंड धरला. वस्तादांचा हात आपोआप वर गेला. तेवढ्यात चित्र गेलं. एक बाई आल्या, गोड हसून वेळ संपल्याचं म्हणाल्या, आणि बातम्या सुरू झाल्या.

मी सुन्न झालो. बातम्या हलत नाहीत, जाहिराती हलत नाहीत. म्हणून कापली ती कुस्ती. आणि हे सगळं माझ्याच पोटातून. पोरांनी मला चार थपडा मारल्या. वस्तादांचा हात बराच वेळ वरच राहिला होता.

पुढच्या आठवड्यात आकाराम परतला. वस्तादांच्या पाया पडून म्हणाला, "डाव कसा वाटला, वस्ताद?"

पोरं मातीकडं बघू लागली. म्हातारा 'बेस' म्हणून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं.

"न्हाय दिसला. तेल दिसलं. आता दाव."

"तुमच्यावर?"

"मग काय टीव्हीवर?"

मी फळीवर आक्रसलो. वस्तादांनी धोतर खोचलं आणि ते लाल मातीत उतरले. त्यांना आजवर कुणी उचललं नव्हतं. आकारामनं माती कपाळाला लावली, दंड धरला, खाली शिरला आणि वस्ताद त्याच्या खांद्यावर आडवे. पाय हवेत. आकाराम तसाच थांबला.

"टाक की."

"न्हाय टाकवत, वस्ताद."

"आरं, तू बी अर्धाच दावतोस व्हय?"

तेव्हा आकाराम गुडघ्यावर बसला आणि बाळाला निजवावं तसं त्यानं त्यांना मातीत पाठीवर ठेवलं. वस्ताद आढ्याकडं बघत पडून राहिले.

"दिसला," ते म्हणाले. "कोपार अजून आत पायजे."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण ज्यानं तुम्हाला शिकवलं, त्याला तुमचा डाव माझ्या भरवशावर दाखवू नका. स्वतः जा, आणि पुरा दाखवा.