दात काढू नकोस

"घरात दातांची डॉक्टर असताना बाहेर विचारायला जाणार? लोकांना वाटेल, माझे हात थरथरायला लागले."

ताई, म्हणजे माझी नणंद, हे मला उद्देशून बोलल्या, पण पाहत होत्या त्यांच्या भावाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. त्याने ताटात डोकं घातलं. बहिणीसमोर त्याला नेहमीच अचानक फार भूक लागते.

प्रश्न खारूच्या खालच्या डाव्या दाढेचा होता. खारू आमची मुलगी, सहा वर्षांची. पुढचे दोन दात खारीसारखे, म्हणून हे नाव तिच्या आत्यानेच ठेवलेलं. दाढेला मोठं भोक पडलं होतं. गार पाणी लागलं की ती गाल धरून बसायची आणि जेवताना सगळा घास उजवीकडे ढकलायची. आत्याच्या दवाखान्यात नेलं, तर खारूने तोंडच उघडलं नाही. ताईंनी आधी गोड बोलून पाहिलं, मग तिचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडताच बोट आत घातलं, आणि खारू ते कडकडून चावली.

"दुधाची दाढ आहे," ताई म्हणाल्या. बोटाला अजून पट्टी होती आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवत होत्या. "भूल देऊन काढून टाकते. विषय संपला."

"ही दाढ दहा-अकराव्या वर्षापर्यंत लागते," मी म्हणाले. "काढली तर शेजारची सरकेल. भरता येत असेल तर भरावी."

"हे कुठे वाचलंस?"

"तुमच्याच दवाखान्यात. भिंतीवर लावलंय."

सासूबाईंना ठसका लागला.

"पाण्याच्या बाटल्या तपासणारीने आता मला दात शिकवायचे," ताई म्हणाल्या. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, याची त्यांना लग्नापासून गंमत वाटत आलेली आहे. "आणि भरायला तोंड उघडावं लागतं. लाडावून ठेवलीस नुसती. खारू, ये इकडे, आ कर."

खारूने दोन्ही ओठ आत ओढून घेतले. हल्ली तिचं तोंड बहुतेक वेळ असंच असायचं. शाळेच्या फोटोतही. तो पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, किती शहाण्यासारखी उभी राहिलीय.

भांडी आवरताना नवरा म्हणाला, "ताईकडेच करून टाक ना. तिला लागलंय ते."

"बोटाला?"

"मनाला."

"मनाला आपण नंतर औषध लावू."

ताईंचं काम वाईट नव्हतं. माझ्या स्वतःच्या दाढा त्यांनीच भरल्या आहेत आणि त्या पक्क्या आहेत. मला हवा होता तो फक्त नाक न दाबणारा डॉक्टर. म्हणून मी खारूला न घेता आधी एकटीच गेले. प्रश्न एकच ठरवला होता: मूल तोंड उघडत नसेल तर काय करता?

पहिल्या दवाखान्यात छतावर ढग रंगवले होते आणि कोपऱ्यात कापडी जिराफ होता. तिथला डॉक्टर हसून म्हणाला, "उघडतात हो सगळी. आमच्याकडे युक्त्या असतात." कोणत्या, ते त्याने सांगितलं नाही.

दुसरा दवाखाना कुलपांच्या दुकानावर होता. जिना अरुंद, भिंती कोऱ्या. डॉक्टर पन्नाशीचा, चेहरा असा की मीच काहीतरी बिघडवून आणलं असावं.

"मग त्या दिवशी काही करत नाही," तो म्हणाला. "फी घेतो."

मी वेळ ठरवून घेतली.

ठरलेल्या दिवशी खारू खुर्चीत चढून बसली, पण दोन्ही हात तोंडावर. डॉक्टरने दिवा जवळ ओढला आणि वाट पाहत राहिला. बराच वेळ गेल्यावर बोटांच्या फटीतून ती म्हणाली, "मी दात काढत नाही."

"नकोच काढू," तो म्हणाला. "ते माझं काम."

खारू खुर्चीतून घसरली आणि दाराबाहेर पळाली. जिन्याच्या वळणावर मी तिला गाठलं. ती रडत होती, तेही तोंड मिटून.

"हे पण काढणार," ती म्हणाली. "मी तर हसलेपण नाही."

"हसण्याचा काय संबंध?"

"आत्या म्हणाली ना, परत दात काढलेस तर मी खरंच काढेन. मी नाही काढले, आई. फोटोतपण नाही काढले."

तेव्हा आठवलं. ताईंच्या नव्या कपड्यांवर चहा सांडला होता आणि खारू खिदळली होती. दात काढू नकोस, नाहीतर बघ, असं ताई म्हणाल्या होत्या. असं कोण म्हणत नाही? पण ताईंच्या ड्रॉवरमध्ये पक्कड असते, आणि खारूने ती पाहिली होती.

मी वर जाऊन डॉक्टरला सगळं सांगितलं. तो बाहेर आला आणि जिन्यात तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"दात काढणं दोन प्रकारचं," तो म्हणाला. "एक हसणं. ते तुझं तू कर, मला त्याचं काही नाही. दुसरं मी करतो. पण ते आज नाही. आज भोक बुजवायचं. सुई टोचेल. दुखेल."

"किती?"

"मुंगी चावते त्याहून जास्त. तू आत्याला चावलीस त्याहून कमी."

मी ते मघाशी सांगून बसले होते. खारू म्हणाली, "आधी तुमचे दाखवा."

त्याने आ केला. तिने वाकून नीट तपासलं. दात वेडेवाकडे होते, एका दाढेत काळपट चांदी. तिचं समाधान झालं असावं, कारण ती उठून पुढे चालायला लागली.

रविवारी ताई आल्या. बोटाची पट्टी गेली होती. "दाखव बरं, काय थापलंय त्याने."

मी सगळ्यांसमोर सांगितलं, खारूने इतके दिवस तोंड का मिटलं होतं ते. आवाज चढवला नाही.

"थट्टा होती ती," ताई म्हणाल्या. "सगळेच म्हणतात."

"सगळ्यांच्या हातात पक्कड नसते."

"जेवताना कशाला हे," सासूबाई म्हणाल्या.

"हिला मुलीची दाढ वाचवायची नव्हती, आई. माझं नाक कापायचं होतं."

"नाक तुम्ही दाबलंत," मी म्हणाले. "मी कोणाच्या नाकाला हात लावला नाही."

नवऱ्याने भाताची वाटी पुढे ओढली. ताईंनी माझ्याकडे पाठ केली आणि हात पुढे केला. "खारू, ये. आत्याला दाखव."

खारू जागची हलली नाही. "टोचणार की नुसतं बघणार?"

"नुसतं बघणार."

तिने बसल्या जागेवरून, टेबलाच्या पलीकडून, मोठा आ केला.

"इतक्या लांबून काय दिसणार मला?"

"एवढंच," खारू म्हणाली आणि तोंड मिटून जेवायला लागली.

ताई तिच्या जेवण्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अजून उजवीकडूनच चावतेय. उंच भरलंय त्याने. वरून थोडं घासून उतरवावं लागेल. माझ्याकडे आण म्हणत नाही मी."

त्यांचं बरोबर होतं. मलाही ते आदल्या दिवसापासून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खारूला घेऊन तोच अरुंद जिना पुन्हा चढले.