तारेवर काहीच नव्हतं

भोंगा वाजला आणि पोनिमिन ओसरीवरूनच ओरडला, "ताई, यू सारिंतेन, काढा हो तुमचे कपडे तारेवरून!"

सारिंतेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा, अवघ्या एकदा, तिने डोंगराच्या भेगेवर ताणलेल्या त्या तारेवर ओले सारोंग वाळत टाकले होते. भेग रुंदावली की तार ओढली जाते आणि भोंगा वाजतो, एवढंच बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं. कपड्यांच्या ओझ्यानेही ती ओढली जाते, हे सांगायला त्यांची जीभ झिजली असती. त्या दिवशी सगळी वाडी उगीच भर पावसात धावली. तेव्हापासून तारेवर माकड लोंबकळलं तरी नाव सारिंतेनचंच.

"आज मी काही टाकलेलं नाही, पोनिमिन कांग! जाऊन बघा!"

"या चिखलात कोण चढणार?" पोनिमिन वाडीचा मुखिया, त्यामुळे भोंग्याची किल्ली त्याच्याकडे. त्याने ती फिरवली आणि भोंगा गप्प केला. "झालं. या, कॉफी घ्या."

बिचाऱ्या तारेला डोळे नाहीत. ओढलं की ओरडायचं, एवढंच तिला येतं आणि तेवढं तिने चोख केलं. ज्यांना डोळे होते, ते कॉफी ढवळत होते!

भेगेखाली दोनच घरं, तिचं आणि त्याचं; बाकी वाडी पुलापलीकडे. घर सोडून चला म्हणून तिने हात जोडले, तर पोनिमिनची बायको आणि सून तोंडावर हात धरून हसल्या. मग सारिंतेनने त्यांच्या अंगणातल्या खांबावरचा पिंजरा उतरवला. आत पोनिमिनचा जीव की प्राण असलेला कवडा होता. पिंजरा घेऊन ती पुलाकडे पळत सुटली.

"चोर! अगं ए बये, ठेव तो!"

पोनिमिन अनवाणी मागे धावला. भांडण बघायला बायको आणि सूनही धावल्या. पूल ओलांडल्यावर त्याने पिंजरा हिसकावला. तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली आणि पलीकडे अख्खा उतार खाली आला. दोन्ही घरं चिखलात गडप झाली.

पोनिमिन पुटपुटला, "म्हणजे... आज खरंच..."

"कवड्याच्या पाया पड, मेल्या," सारिंतेन म्हणाली. "माझे सारोंग घरात होते. घडी घालून."