अडकलेलं चित्र

राजनंदिनीच्या लॅपटॉपवर बाबा खुर्चीत बसले होते आणि अजिबात हलत नव्हते.

दिवाळीत त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा कोथरूडला माझ्याकडे राहायला या म्हणून तिनं जंग जंग पछाडलं. पण दिगंबरराव कात्रजचं डोंगराकडेचं बैठं घर सोडतील तर शपथ! खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात गेलेला माणूस. "एवढ्यात काही फुटत नाही मी," म्हणाले. शेवटी बैठकीत एक कॅमेरा बसवण्यावर तडजोड झाली.

तिनं नवं इंटरनेट घेतल्यापासून मात्र त्या कॅमेऱ्याचं चित्र रखडत होतं. एक दृश्य यायचं आणि पुढं नुसतं चक्र फिरत बसायचं. लोकांच्या नेटच्या तक्रारी सोडवणं ही तिची नोकरी, पण घरात दिव्याखाली अंधार. आत्ताही तसंच झालं असणार. तिनं चित्र बंद करून पुन्हा उघडलं. बाबा तसेच, नजर थेट कॅमेऱ्यात, पायाशी तपकिरी पायपुसणं.

"जुनंच चित्र दाखवतंय मेलं," ती पुटपुटली. तिनं बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तिनं बाबांच्या शेजारच्या गुलजारचाचांना फोन केला.

"चाचा, बाबा फोन उचलत नाहीयेत. जरा दार वाजवता? नाहीच उघडलं तर तुमच्याकडची किल्ली लावा."

"घाबरू नकोस बेटा, गुडघे धरलेत, पण निघालोच," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चाचा पोचेपर्यंत नुसतं बसवेना. तिनं नेट तपासायला घेतलं. नव्या कनेक्शनला नेटवरच्या पत्त्यांच्या दोन पद्धती होत्या, म्हणजे दोन रस्ते. कात्रजला जुना घाट आणि नवा बोगदा आहे तसे. लॅपटॉप शहाण्यासारखा दर वेळी नव्या रस्त्यानं जायचा. तिथून चिटुकले निरोप पार व्हायचे, पहिलं दृश्यही कसंबसं यायचं. पण चित्रांचे मोठे गठ्ठे मध्येच गडप व्हायचे. रस्ता बंद आहे हे सांगायलाही कुणी नसायचं, म्हणून लॅपटॉप जुन्या रस्त्याकडे वळायचाच नाही. तिनं सेटिंगमध्ये जाऊन नवा रस्ताच बंद केला आणि तिसऱ्यांदा चित्र उघडलं.

चित्र वाहू लागलं. खिडकीचा पडदा हलला. पंखा फिरत होता. कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पळत होते.

बाबा हलत नव्हते.

म्हणजे मघाची चित्रं जुनी नव्हतीच! दर वेळी ताजंच दृश्य येत होतं, आणि त्यात बाबा तसेच होते. गेले, बाबा गेले, आणि मी सेटिंग बघत बसले. ती हुंदका आवरत पडद्याला नाक लावून बघू लागली, तेव्हा बाबांच्या पापण्या मिटून उघडल्या.

आणि पायाशी पायपुसणं हललं.

त्यातून एक त्रिकोणी डोकं हळूच वर आलं. पाठीवर साखळीसारखी नक्षी. घोणस! बाबांच्या उघड्या पावलापासून वीतभर. शेजारच्या स्टुलावर त्यांचा फोन होता. तिचा प्रत्येक फोन तिथंच थरथरला होता.

तेवढ्यात खुर्चीमागच्या दाराचा आवाज आला. चाचा किल्ली लावत होते. दार उघडलं की खुर्चीलाच धडकणार. तिनं त्यांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. फोन घरीच ठेवून आले होते.

तिनं कॅमेऱ्याचं बोलायचं बटण दाबलं. ओरडावंसं वाटत होतं, पण बाबा दचकले असते. चित्र आत्ता अडकलं तर सगळंच संपणार होतं.

"चाचा," ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली, "दार उघडू नका. आत घोणस आहे. बाबांच्या पायाशी. पावलं न वाजवता मागं जा आणि सर्पमित्राला बोलवा."

किल्लीचा आवाज थांबला. घोणशीनं कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकला. बाबांचं पाऊल तसूभरही सरकलं नाही. कारखान्यातली शिस्त: काही बिनसलं की आधी जागच्या जागी थांबायचं.

सर्पमित्र मागच्या दारानं येईपर्यंत ती पडद्यापुढं श्वास कोंडून बसली. काठीच्या आकड्यानं जनावर पिशवीत गेलं, तेव्हा कुठे बाबांनी पाय उचलला. भिंतीला धरत ते कॅमेऱ्यापाशी आले. चेहरा घामानं निथळत होता.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?" ती रडतच म्हणाली.

"आहे की. पण फोन कसले करतेस गं सारखे?" बाबांचा आवाज कापत होता. "मी मघापासून तुझ्याकडेच बघत होतो. हात हलवता येईना. म्हटलं, पोरगी बघतेय, तिला दिसेलच."

बाबा तिच्याकडे बघत होते, आणि तिनं दोनदा ते चित्र बंद केलं होतं.